मेटल डिटेक्टरची सर्च कॉइल: काम, निगा आणि फेरफार

मेटल डिटेक्टर म्हटलं की ठाण्या-नवी मुंबईतल्या माणसाला मॉलच्या दारातली चौकट आठवते. जमिनीवर फिरवायचा डिटेक्टर मात्र वेगळ्याच लोकांच्या हातात असतो. सोसायटीत पेव्हर ब्लॉक बसवताना मॅनहोलचं झाकण खाली गाडलं गेलं की ते शोधणारा प्लंबर. जुन्या लाकडातला खिळा करवतीला लागू नये म्हणून ओंडका आधी तपासणारा वखारवाला. गवतात पडलेली अंगठी शोधून देणारे हौशी, आणि पल्स डिटेक्टर स्वतः बनवायला घेणारी इंजिनिअरिंगची मुलं. या सगळ्यांची तक्रार बहुधा एकच असते: "मशीन उगाचच वाजतंय." मग सेल बदलतात, डबा उघडतात, सर्किटवर संशय घेतात. दोष मात्र बऱ्याचदा खाली जमिनीशी घासणाऱ्या थाळीत, म्हणजे सर्च कॉइलमध्ये असतो.

कॉइल म्हणजे नुसती गोल गुंडाळलेली तार, असं समजून तिला हात घातला की ती हमखास बिघडते. तिचं खरं काम आहे न बदलणं. आतली तार एका जागी, एका ताणात, कोरडी आणि स्थिर राहिली तरच जमिनीतला बारीकसा बदल कळतो. निगा काय, दुरुस्ती काय किंवा सुधारणा काय, सगळं या एका गोष्टीवर पारखून घ्यायचं.

थाळीच्या आत काय चालतं

नेहमीच्या डिटेक्टरच्या थाळीत तांब्याच्या तारेची निदान दोन वेटोळी असतात. एक पाठवणारं, दुसरं ऐकणारं. पाठवणाऱ्या वेटोळ्यातून दिशा सतत बदलत राहणारा प्रवाह सोडतात. बहुतेक मशीनमध्ये हा बदल ५ ते २० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला काही हजार वेळा होतो. त्यामुळे थाळीभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते जमिनीत शिरतं. वाटेत अंगठी आली तर तिच्या धातूत छोटे गोल प्रवाह फिरू लागतात, ते स्वतःचं क्षीण क्षेत्र निर्माण करतात आणि ऐकणारं वेटोळं ते टिपतं. लोखंडाचं उत्तर आणि चांदी-तांब्याचं उत्तर यांच्या वेळेत थोडा फरक असतो. त्याला फेज म्हणतात. पडद्यावरचा आकडा याच फरकावरून येतो.

आता अडचण बघा. ऐकणारं वेटोळं पाठवणाऱ्याच्या अगदी शेजारी बसलेलं आहे. अंगठीचं उत्तर इतकं क्षीण, आणि शेजाऱ्याचं क्षेत्र त्याच्या कित्येक हजार पट मोठं. ते थेट कानात शिरलं तर बाकी काहीच ऐकू येणार नाही. म्हणून दोन्ही वेटोळी एकमेकांवर थोडी चढवून बसवतात. पाठवणाऱ्या वेटोळ्याच्या आत क्षेत्राची दिशा एक असते आणि बाहेर तिच्या उलट. ऐकणाऱ्या वेटोळ्याचा काही भाग आत, काही बाहेर असा ठेवला की दोन्हीकडून येणारा परिणाम एकमेकाला खोडतो आणि बाहेर जवळजवळ शून्य उरतं. या स्थितीला नल म्हणतात. सराफाच्या तराजूच्या दोन्ही पारड्यांत मोठी वजनं ठेवून काटा मधोमध आणावा, आणि मग एका पारड्यात तांदळाचा दाणा टाकून काटा हलतो का ते पाहावं, तसं हे काम आहे. वेटोळं अर्धा मिलिमीटर सरकलं तरी दाण्यापेक्षा मोठा फरक पडतो.

इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून मध्ये थोडी एकावर एक चढवली की झाली डबल-डी कॉइल. तिचा संवेदनशील भाग मधल्या लांब पट्टीत असतो, त्यामुळे खनिजं जास्त असलेल्या जमिनीत ती कमी गोंधळते. मोठ्या वर्तुळाच्या मधोमध छोटं वर्तुळ बसवलं तर ती कॉन्सेंट्रिक कॉइल. तिच्यात नल साधण्यासाठी काही फेरे उलट दिशेनेही घ्यावे लागतात. वस्तू नेमकी कुठे आहे हे ती छान दाखवते, पण आपल्याकडच्या जमिनीवर पटकन बावचळते.

समतोल साधणाऱ्या वेटोळ्यांची ही कल्पना जुनी आहे. संशोधक डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ मध्ये असं उपकरण दाखवलं होतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना २ जुलै १८८१ रोजी गोळी लागली, तेव्हा शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हेच तत्त्व घेऊन गेले. पहिल्या खेपेला कंडेन्सरची जोडणी चुकलेली होती. दुसऱ्या खेपेला पलंगाच्या गादीखालच्या पोलादी तारांनी घात केला, बऱ्याच मोठ्या भागावर अस्पष्ट आवाज येत राहिला आणि गोळी काही सापडली नाही. गारफिल्ड १९ सप्टेंबरला गेले. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण आजही कॉइल फसते ती याच दोन कारणांनी: आतली जोडणी आणि भोवतालचा धातू.

आपली जमीन, आपली खाडी

परदेशातल्या व्हिडिओंमध्ये जी कॉइल हिरवळीवर कमाल करते ती ठाण्याजवळच्या पारसिक डोंगराच्या पायथ्याशी रडकुंडीला येते, आणि तिची यात काही चूक नसते. ठाणे आणि नवी मुंबईच्या खाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. त्यात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोहखनिज असतं आणि झिजून तयार झालेल्या मुरमात ते तसंच उतरतं. भराव टाकलेल्या मैदानावर कॉइल फिरवली की ती त्या खनिजालाच उत्तर देत राहते. म्हणून काम सुरू करण्याआधी धातू नसलेल्या जागेवर कॉइल वर-खाली करून ग्राउंड बॅलन्स करणं, म्हणजे जमिनीतल्या खनिजाकडे दुर्लक्ष करायला मशीनला शिकवणं, इथे अटळ आहे. मुरमावरून काळ्या मातीवर आलात की पुन्हा करा. संवेदनशीलतेचं बटण शेवटपर्यंत फिरवून खोली वाढत नाही, फक्त गोंगाट वाढतो.

खाडीकडे दुसरीच तऱ्हा. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे ओला खारा चिखल हाच मोठ्या, पातळ धातूच्या पत्र्यासारखा उत्तर देतो. कोरड्या जागी शहाण्यासारखं वागणारं मशीन ओहोटीच्या ओल्या काठावर प्रत्येक झोक्याला वाजतं. (कांदळवनं कायद्याने संरक्षित आहेत, तिथे डिटेक्टर आणि फावडं घेऊन जायचंच नाही.) हीच गोष्ट कारखान्यांतही दिसते. खाद्यपदार्थ पॅक होण्याआधी ज्या बोगद्यातून जातात त्या डिटेक्टरमध्ये मधे पाठवणारं वेटोळं आणि दोन्ही बाजूंना समान अंतरावर ऐकणारी दोन वेटोळी असतात. तिथेही खारट, ओलसर माल स्वतःच सिग्नल देतो आणि मशीनला आधी त्या मालाची ओळख करून द्यावी लागते.

तिसरा त्रास विजेचा. ऐरोली-कळव्याकडच्या उच्चदाब वाहिन्या, लोकलच्या ओव्हरहेड तारा, इमारतीतल्या लिफ्टच्या मोटरी या सगळ्यांचं क्षेत्र कॉइल टिपते. कॉइल हवेत स्थिर धरली तरी मशीन वाजत असेल आणि थाळीची दिशा फिरवली की आवाज बदलत असेल, तर बहुधा कॉइल निर्दोष आहे. मशीनमध्ये फ्रीक्वेन्सी थोडी सरकवायची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर जागा बदला.

निगा: कव्हर, केबल, बोल्ट, पावसाळा

कॉइलखाली जे प्लास्टिकचं कव्हर असतं ते घासण्यापासून वाचवतं, म्हणून लावायलाच हवं. पण कव्हर आणि थाळी यांच्यामध्ये बारीक वाळू, मुरमाची पूड आणि पाणी साचतं, आणि कॉइल हे खनिज स्वतःसोबत घेऊन फिरते. थाळी जरा कलली किंवा आपटली की ती माती आत सरकते आणि खोटा आवाज येतो. प्रत्येक कामानंतर कव्हर काढून दोन्ही भाग गोड्या पाण्याने धुवायचे, पुसायचे, पूर्ण वाळल्यावरच पुन्हा बसवायचे. काहीजण कडेने सिलिकॉन भरून कव्हर कायमचं बंद करतात. मला ते पटत नाही. एका बारीक फटीतून आत गेलेलं पाणी मग बाहेर कधीच येत नाही.

केबल दांड्याभोवती घट्ट, पण ताण न देता गुंडाळावी आणि वेल्क्रो पट्टीने बांधावी. सैल लोंबणारी केबल झोक्याबरोबर कॉइलसमोर हलते. तिच्यातही तांबं आहेच, तेव्हा मशीन तिलाही धातू समजतं. थाळीतून केबल बाहेर येते तिथे मात्र बोटभर ढील ठेवा. थाळी वर-खाली वळते तेव्हा सगळा ताण त्याच जागी येतो आणि आतली बारीक तार तिथेच तुटते. केबल लांब वाटली म्हणून कापून जोडू नका. तिची लांबीही सर्किटच्या हिशोबात धरलेली असते.

बोल्टबद्दल कळकळीने सांगतो. कॉइल दांड्याला जोडणारा बोल्ट नायलॉनचा असतो आणि तो कधी ना कधी तुटतो. हार्डवेअरच्या दुकानात गेलात की लोखंडी किंवा स्टीलचा नटबोल्ट पुढे येतो, "हा टिकेल" म्हणून. तो कॉइलच्या तोंडावरच बसतो आणि नल त्या क्षणी बिघडतो. नायलॉनचाच घ्या, सोबत रबराचे वायसर घ्या, आणि पान्याने आवळू नका. प्लास्टिकचे कान चिरले की थाळी डुगडुगते. चीर बुजवायला एम-सीलसारखी एपॉक्सी पुट्टी चालते, पण स्टीलची पूड असलेली पुट्टी नको. ॲल्युमिनियम पेंट किंवा चमकीचा रंगही नको. कुठलाही चिकट पदार्थ वापरण्याआधी त्याची एक गोळी वाळवून चालू कॉइलसमोर फिरवा. मशीन गप्प राहिलं तर तो पदार्थ चालेल.

आणि पावसाळा. जूनपासून इथली हवाच ओली असते. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि आवाज तुटक होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पिना साफ करा, कोरड्या होऊ द्या. चार महिने मशीन वापरणार नसाल तर सेल काढून, कव्हर काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या मागच्या काचेखाली कॉइल कधी ठेवू नका. उष्णतेने आतलं एपॉक्सी मऊ पडतं, प्लास्टिक वाकतं आणि वेटोळी किंचित सरकली की नल गेला.

थाळीत पाणी शिरलंय का, हे ओळखायची साधी युक्ती आहे. कॉइल नवी असताना किंवा चांगली चालत असताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन करून ठेवा. पुढे कधी पावसानंतर ती वेडीवाकडी वागू लागली आणि वजनही वाढलेलं दिसलं, तर उत्तर मिळालं. पाण्याने इतका फरक पडतो कारण तारा आणि शील्ड (वेटोळ्याभोवतीचा, बाहेरचा विद्युत त्रास अडवणारा वाहक थर) यांच्यामधल्या जागेची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, त्या जागेत काय आहे यावर ठरते. हवेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक १ आणि पाण्याचा सुमारे ८०. थेंबभर पाणी चुकीच्या जागी बसलं तरी हिशोब चुकतो.

मल्टिमीटरवर तपास

कॉइल उघडण्याआधी कनेक्टर काढून मल्टिमीटर लावा. पाठवणाऱ्या वेटोळ्याचा रोध साधारण काही ओहम असतो, ऐकणाऱ्याचा बहुधा त्याहून बराच जास्त. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. आपल्याला बघायचं आहे ते इतकंच: मीटर काहीतरी स्थिर आकडा दाखवतोय, की अनंत. तो आकडा बघत असतानाच केबल थाळीच्या तोंडाशी हळूच वाकवा. आकडा उड्या मारू लागला तर तार आत तुटलेली आहे. दोन वेटोळ्यांमध्ये किंवा वेटोळं आणि शील्ड यांच्यामध्ये जोड दिसता कामा नये, अर्थात उत्पादकाने मुद्दाम एक टोक शील्डला जोडलेलं नसेल तर. काही नव्या कॉइलमध्ये चिप किंवा प्रीॲम्प्लिफायर (सिग्नल तिथल्या तिथे वाढवणारं सर्किट) असतो, त्यांना मीटर लावताना माहितीपत्रक आधी वाचा.

आणखी एक चाचणी फुकटची आहे. मशीन चालू करून थाळीला धातू नसलेल्या हाताने स्पर्श करा. अंगठी, घड्याळ, बांगडी काढून. आवाज आला तर शील्ड तुटलं आहे किंवा केबलच्या ग्राउंड तारेपासून सुटलं आहे. थाळीवर हलकी टिचकी मारल्यावर आवाज आला तर आत काहीतरी सैल आहे.

फेरफार: काय करावं, काय करू नये

सगळ्यांना हवी असते मोठी कॉइल. मोठी म्हणजे खोल, असा हिशोब. तो अर्धाच खरा आहे. थाळीच्या आकाराच्या मानाने लांब असलेल्या छोट्या वस्तूसाठी चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं, आणि वस्तूचं उत्तर परत येतानाही तसंच कमी होतं. दोन्ही मिळून सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. खोली दुप्पट केली तर सिग्नल ६४ पटींनी क्षीण. मोठ्या थाळीने मॅनहोलचं झाकण अधिक खोलवर मिळेल, पण अंगठी उलट हुकेल, कारण थाळी एका वेळी जास्त जमीन बघते आणि त्या जमिनीतलं मॅग्नेटाइटही जास्त ऐकते. आपल्या मुरमाड जागेत, खिळे-झाकणांच्या कचऱ्यात, मी लहान डबल-डीच्या बाजूने उभा राहीन.

फॅक्टरीत नल करून एपॉक्सीत बसवलेली कॉइल उघडून फेरे वाढवणं हा सरळ तोटा आहे. इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा वेटोळ्याचा गुण, फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेरे १० टक्के वाढवले की इंडक्टन्स २१ टक्के वाढतो, सर्किट ज्या फ्रीक्वेन्सीला जुळवलंय तिच्यापासून सरकतं, नलही जातो. मशीन वाजेल कदाचित, पण लोखंडाला चांदी म्हणेल.

स्वतः कॉइल बनवायची हौस असेल तर पल्स इंडक्शनपासून सुरुवात करा. या पद्धतीत एकच वेटोळं आधी पाठवतं आणि मग ऐकतं, त्यामुळे नल साधावा लागत नाही. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात २५ गेजची वाइंडिंग वायर मिळते, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची. तिचे सुमारे २५ सेंटीमीटर व्यासावर २२ ते २४ फेरे घेतले की साधारण ३५० ते ४०० मायक्रोहेन्री इंडक्टन्स आणि दीड-पावणेदोन ओहम रोध मिळतो. बहुतेक घरगुती सर्किटांना हे चालतं.

इथे खरी लढाई कपॅसिटन्सशी आहे. प्रवाह तोडल्यावर कॉइलवरचा व्होल्टेज जितक्या लवकर शांत होईल तितक्या लवकर ऐकायला सुरुवात करता येते, आणि बारीक सोनं ऐकायचं तर १०-१५ मायक्रोसेकंदांतच ऐकावं लागतं. फेऱ्यांमधली, शील्डची आणि केबलची कपॅसिटन्स या शांत होण्याला उशीर लावते. नेहमीच्या कोॲक्स केबलची एका मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते, म्हणून केबल गरजेपुरतीच. वाइंडिंग वायरऐवजी जाड आवरणाची टेफ्लॉन तार घेतली की फेरे आपोआप एकमेकांपासून दूर राहतात. कॉइल ३०० मायक्रोहेन्रीची आणि एकूण कपॅसिटन्स २५० पिकोफॅरड धरली तर डॅम्पिंग रेझिस्टर (कॉइलवरचा व्होल्टेज लवकर शांत करायला तिला जोडलेला रोध) साडेपाचशे ओहमच्या आसपास येतो. कॉइल बदलली की तो रेझिस्टरही पुन्हा जुळवायचा असतो. ही गोष्ट राहून जाते आणि मग नव्या कॉइलला उगाच दोष दिला जातो.

शील्डसाठी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल पल्स कॉइलवर गुंडाळू नका, तिच्यातच प्रवाह फिरत राहतात. ग्रॅफाइट पावडर मिसळलेला रंग बरा. वेटोळ्यावर आधी टेपचा थर, त्यावर थोडी जाडी देणारं काहीतरी, मग ग्रॅफाइट. रंगाचं वर्तुळ कुठेतरी अर्धा-एक सेंटीमीटर तुटलेलं हवंच. पूर्ण बंद वर्तुळ झालं की ते स्वतःच एक वेटोळं बनतं आणि ऊर्जा खातं. शील्डला एक बारीक उघडी तार चिकटवून ती केबलच्या ग्राउंडला जोडायची.

एपॉक्सी ओतताना घाई नको. जाड थर एकदम ओतला की वाळताना तो तापतो, आणि ठाण्याच्या उन्हाळ्यात तर फारच. तापला की तारा सरकतात. पातळ थर द्या, प्रत्येक थर थंड होऊ द्या. पावसाळी दमट हवेत पृष्ठभाग चिकट, दुधाळ राहतो, म्हणून हे काम थंडीत उरकलेलं चांगलं. वजन कमी ठेवायला काचेच्या पोकळ बारीक गोळ्या मिसळतात. डबल-डी बनवत असाल तर पाठवणारं वेटोळं आधी पक्कं करा, ऐकणाऱ्याचा एक छोटा भाग मोकळा ठेवा, ऑसिलोस्कोपवर सिग्नल सर्वांत कमी होईपर्यंत तो सरकवा, गरम गोंदाने टेकू द्या आणि मगच शेवटचा थर ओता. वाळताना एपॉक्सी थोडं आकसतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं.

चांगली कॉइल हातात आली की तिला किल्ल्यांकडे नेण्याचा मोह होतो. बेलापूरचा किल्ला असो की घोडबंदरचा, अशा जागी शोध आणि खोदकाम नको. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. हरवलेली अंगठी मालकाच्या सांगण्यावरून, जागेच्या परवानगीने शोधा, तिथे ही कॉइल पुरेपूर उपयोगी पडते.

नवी असो की घरी बनवलेली, कॉइल नीट चालत असतानाच चार आकडे लिहून डब्याच्या आत चिकटवा: रोध, एलसीआर मीटरवरचा इंडक्टन्स, वजन, आणि एक रुपयाचं नाणं हवेत किती सेंटीमीटरवर कळतं ते. दर वर्षी पावसाळा संपला की तेच चार आकडे पुन्हा घ्या. तीन तेच राहून फक्त वजन वाढलं असेल तर कॉइल उघडू नका, कव्हर काढून आठवडाभर सिलिका जेलमध्ये ठेवा आणि परत मोजा.